कात्रीचं पंचांग

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीला रंग काढायचं ठरलं. जानेवारी महिना होता. परांची बांधायला जागा हवी, म्हणून कंत्राटदाराच्या माणसाने भिंतीलगतची झाडं ‘जरा कमी करून’ मागितली. रविवारी सकाळी सोसायटीचा माळी दोन हातांची मोठी कात्री घेऊन आला आणि दोन तासांत चाळीस फुटांची अख्खी पट्टी एका रेषेत आणून मोकळा झाला. जास्वंद, तगर, अनंत, मोगरा, कुंती, सगळे कमरेइतके. “एकदम मिलिटरी कटिंग,” तो कौतुकाने म्हणाला. लांबून बघितलं तर खरंच नीटनेटकं दिसत होतं. मीही त्याला चहा दिला.

रंग लागला, परांची उतरली. मार्चमध्ये जास्वंदीने अंगभर फुटवे काढले आणि एप्रिलपासून फुलांचा असा धडाका लावला की देव, शेजारी आणि येणारे-जाणारे पुरवूनही फुलं उरायची. मोगराही भरभरून आला. अनंत मात्र मुका. पानं आली, हिरवीगार, चकचकीत, तेल लावून पुसल्यासारखी. कळी एक नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडाशी आमच्या जिन्यात अनंताचा वास भरून राहतो, त्या वर्षी तिथे ऑइलपेंटचाच वास होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी नजर लागल्याचं निदान केलं. मी माळ्याला बोल लावला, माळ्याने खताला.

एकच कात्री, एकच सकाळ, एकच हात. एका झाडाचं त्याने भलं झालं आणि शेजारच्याचं वर्ष बुडालं. याचं उत्तर शोधण्यात माझी पुढची काही वर्षं गेली. शोधताना ‘छाटणी’ या शब्दाचा मला माहीत असलेला अर्थ मोडीत निघाला.

आधी जागेविषयी. वडाळ्यात बाग आहे असं सांगितलं की लोक चमकतात. बाग म्हणजे काय, तर तळमजल्यावरचं घर, खिडकीखाली सहा फूट रुंदीची पट्टी आणि पलीकडे कंपाउंडची भिंत. मुंबईतल्या जुन्या इमारतींना अशा पट्ट्या असतात. त्यात ड्रेनेजचं झाकण असतं, पाण्याचा पंप असतो, कोणाच्या तरी कपड्यांचा पडलेला चिमटा असतो आणि उरलेल्या जागेत जास्वंद असते. सकाळी साडेनऊ ते बारा ऊन. दुपारनंतर समोरच्या इमारतीची सावली.

आणि माती? वडाळ्याच्या मातीचा इतिहास खारट आहे. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा कात्रक रोडवरच्या विठ्ठल मंदिराची आख्यायिकाच मिठाची आहे. इथल्या मिठागरांवरचे मिठाचे व्यापारी पंढरपूरला गेले, चंद्रभागेत त्यांना मूर्ती सापडली आणि त्यांनी ती इथे आणून बसवली, असं सांगतात. आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, अशी सगळी मुंबई या प्रतिपंढरपूरला लोटते. खाडी, खाजण आणि मिठागर यांच्या काठावरची ही वस्ती. पूर्वेकडच्या जागेत खोल खणलं की अजूनही काळी, चिकट, वासाची माती लागते. त्या मातीत लावलेल्या झाडाच्या पानांच्या कडा करपतात, मेणबत्तीवर धरल्यासारख्या. म्हणून वडाळ्यात झुडूप लावायचं म्हणजे आधी दीड-दोन फूट खड्डा काढायचा, त्यात लाल माती, शेणखत आणि निंबोळी पेंड भरायची आणि मगच रोप. इथला प्रत्येक हौशी माणूस आयुष्यात कधी ना कधी लाल मातीची गोणी रिक्षात घालून घरी आलेला असतो.

आमच्या पट्टीत आणखी एक भानगड निघाली. खणलं तर अर्धं डेब्रिज. इमारत बांधताना उरलेलं प्लास्टर, सिमेंट, विटांचे तुकडे, सगळं तिथेच पुरलेलं. चुन्या-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते. जास्वंद ते खपवून घेते. अनंताला ते चालत नाही. त्याला आंबट माती लागते. अल्कधर्मी मातीत लोह असूनही त्याला उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, एखाद्या नकाशावरच्या नद्यांसारख्या. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात. उपाय दोन: डेब्रिज उपसायचं आणि कुजलेल्या पानांचं खत भरपूर घालायचं. फारच पिवळा पडला तर चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून. हिराकस हा शब्द मी आजीकडून ऐकला होता. पुढे खतांच्या दुकानात ‘फेरस सल्फेट’ मागितलं आणि तीच वस्तू हातात आली.

तर अनंत मुका का राहिला?

उत्तर मिळालं नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदार नातेवाइकाकडे. द्राक्षवाले वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली ती खरड छाटणी, ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी. शहरातल्या माणसाला वाटतं, फळ ऑक्टोबरच्या छाटणीने येतं. खरं तर एप्रिलच्या छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यांत पावसाळ्यापूर्वीच घड ठरून बसलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल एवढाच, पण ठरलेला. ऑक्टोबरमध्ये ती काडी नेमकी कितव्या डोळ्यावर कापायची, एवढाच प्रश्न उरतो. चुकीच्या जागी कापलं तर घड कचऱ्यात जातो आणि वेलीवर नुसता पाला येतो. “तुझ्या माळ्याने तुझा माल कापला,” तो म्हणाला. माल! अनंताच्या फुलाला आजवर कोणी माल म्हटलं नसेल, पण एका शब्दात कोडं सुटलं.

फुलझुडपांचे ढोबळमानाने दोन स्वभाव. काहींना नव्या फुटीवर फूल येतं. फांदी वाढत जाते आणि वाढता वाढता कळ्या काढते. जास्वंद, मोगरा, गुलाब, तगर, बोगनवेल या जातीचे. यांना छाटलं की फूट वाढते, फूट वाढली की फूल वाढतं. दुसऱ्या स्वभावाची झुडपं गेल्या मोसमात वाढलेल्या काडीच्या शेंड्याशी फूल राखून ठेवतात आणि वेळ आली की उमलवतात. अनंत तसा. जानेवारीत त्याच्या प्रत्येक शेंड्यावर येत्या उन्हाळ्या-पावसाळ्याची फुलं मुक्कामाला होती. आम्हाला दिसत नव्हती इतकंच. मिलिटरी कटिंगमध्ये ती सगळी एका रेषेत उडाली. अनंताला कात्री लावायचीच असेल, तर बहर सरल्या सरल्या, जुलैच्या सुमारास, म्हणजे पुढची काडी वाढायला आणि पिकायला पुरेसे महिने मिळतात.

आता एक काप जवळून बघू. झाड जास्वंदीचं घेऊ, कारण ती चुका माफ करते.

दिवस ऑक्टोबरचा, पाऊस परतल्यानंतरचा. हवामान खात्याच्या २०२०च्या सुधारित तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला जातो. मधल्या काळात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं. त्या ओल्या महिन्यांत मोठे काप घेऊ नयेत. जखम सुकत नाही, बुरशी शिरते. आठ-दहा दिवस सलग ऊन पडलं की मग सिकेटर काढायचं. सिकेटर म्हणजे एका हाताची, स्प्रिंगची कात्री. पातं स्पिरिटने पुसून घ्यायचं, नाहीतर एका झाडाचा रोग दुसऱ्याला आपणच वाटत फिरतो.

पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची आणि शेंड्याकडून खाली बोट फिरवत यायचं. पान फांदीला जिथे जोडलेलं असतं, त्या बेचक्यात मोहरीएवढा फुगवटा बोटाला लागतो. तो डोळा. झाडाच्या आत बघणारा डोळा सोडायचा, बाहेर बघणारा निवडायचा, कारण नवी फांदी त्याच्या नजरेच्या दिशेने जाणार. त्याच्या पाव इंच वर तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. सिकेटरचं धारदार पातं झाडावर राहणाऱ्या बाजूला, बोथट पातं टाकायच्या तुकड्याकडे. आणि एका दमात. जास्वंद ही भेंडी-अंबाडीच्या कुळातली. अंबाडीच्या सालीचे दोर वळतात, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुरे. काप अर्धवट बसला तर सालीची वादी लोंबत राहते आणि ती ओढली की खालपर्यंत सोलत जाते.

कापल्यावर आत काय होतं? शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सासूबाईंसारखं; त्या बसलेल्या असेपर्यंत कुठलीच सून तोंड उघडत नाही. शेंडा गेला की खालचे दोन-तीन डोळे एकदम जागे होतात. आठवड्या-दीड आठवड्यात ते फुगतात, तांबूस-हिरवे टोक दाखवतात. एका फांदीच्या तीन होतात. जास्वंदीचं एक फूल एकच दिवस टिकतं, म्हणून रोज फूल हवं असेल तर शेंडे भरपूर हवेत. सगळं गणित हे एवढंच. झाडाचा तिसरा हिस्सा कापायचा, त्याहून जास्त एका वेळी नाही. मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि आत घुसणाऱ्या काड्या पहिल्यांदा.

जास्वंदीचा शत्रू कापसासारखा दिसतो. पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्याला पांढरा भुगा चिकटतो, पानं मुठीसारखी आकसतात. ढेकूण दिसायच्या आधी मुंग्यांची रांग दिसते. ढेकणाने टाकलेल्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात. लहान मुलीला वेणी घालताना उवा बघतात, तशा नजरेने आठवड्यातून एकदा शेंडे बघायचे. पाण्याचा जोरदार फवारा, साबणाचं पाणी, निंबोळीचं तेल. फार आकसलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकायचा. तो कंपोस्टच्या ढिगात घालू नये. मी घातला होता.

इंग्रजीत जास्वंदीला शू-फ्लॉवर म्हणतात, कारण पाकळ्यांच्या रसाने साहेबाचे बूट काळे केले जायचे. गणपतीच्या डोक्यावरचं फूल! लिनियसने १७५३मध्ये तिला जे लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ ‘चिनी गुलाब’. रानात, कोणी न लावता उगवलेली ही जास्वंद कुठेच सापडत नाही. ती माणसाच्या अंगणातच असते, आणि अंगणात असल्यामुळे तिची आणखी एक छाटणी रोज होते.

ती करणारे पहाटे साडेपाचला येतात. पायात कॅनव्हासचे बूट, हातात प्लॅस्टिकची पिशवी, कधीकधी तारेची आकडी बांधलेली काठी. फाइव्ह गार्डन्सला फिरायला जाणारी ही सभ्य, निवृत्त, धार्मिक मंडळी. दुसऱ्याच्या बागेतलं फूल देवाला वाहिलं तर पुण्य कोणाच्या खात्यात जमा होतं, हा प्रश्न मी एका आजोबांना खिडकीतून विचारला होता. “फूल देवाचंच असतं हो,” असं म्हणून त्यांनी आणखी दोन तोडली. माझा राग फुलांसाठी नव्हता. ते ओढून तोडतात. फुलाबरोबर पुढच्या पंधरा दिवसांच्या कळ्या असलेला शेंडा येतो. शेवटी मी पाटी लावली: ‘फुले देठातून खुडावीत. फांदी ओढू नये.’ चोरी थांबली नाही, सुधारली. आजोबा आता नखाने खुडतात.

तगरीचं दुःख वेगळं. तगर सोशिक आहे, अर्ध्या सावलीत फुलते, मिठाला फारशी कुरकुर करत नाही. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आमच्या पट्टीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. अबोली, गुलाब, शेवंती सगळं कुजलं. तगर आणि कण्हेर उभ्या राहिल्या. पण या सोशिकपणाची शिक्षा म्हणून शहरभर तगरीचं कुंपण करतात आणि महिन्याला एकदा हेज-कात्रीने त्याची पेटी करतात. तगरीला फूल येतं नव्या फुटीच्या टोकाला. ती टोकंच दर महिन्याला उडवली तर फुलणार कुठून? कुंतीचंही तेच. पावसाची एक सर आली की काही दिवसांनी ती एकदम पांढरी होते, आणि नेमका त्याच आठवड्यात माळ्याचा वार येतो. मुंबईतली निम्मी तगर-कुंती फुलाशिवाय आयुष्य काढते, कारण तिला चौकोनी असण्याचा पगार मिळतो.

यात माळ्याचा दोष मला आता कमी वाटतो. आमचा माळीदादा सात सोसायट्या सांभाळतो. प्रत्येकीत आठवड्याला दीड तास. समिती त्याचं काम मोजते ते खाली पडलेल्या पाल्याच्या ढिगावर. ढीग मोठा तर काम झालं. एका अनंताला या महिन्यात हात लावायचा नाही, हे त्याने ओळखलं, तर त्याचे पैसे कोण देणार? गंमत म्हणजे, महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाच्या व्याख्येत जमिनीलगत फांद्या फुटणारी झुडपंही येतात. कायद्याने तगरीला झाड म्हटलंय. तिला ते अजून कळलेलं नाही.

कण्हेरीबद्दल एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. तिचं पान, फूल, मूळ, चीक, सगळं विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. छाटताना हातमोजे घालावेत, पाला गुरांच्या तोंडी जाईल असा टाकू नये, काड्या जाळू नयेत, धूरही वाईट. पिवळी बिट्टी तशीच. गणेश चतुर्थीच्या पत्रीत कण्हेरीचं पान असतं, म्हणून ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या हाताला येईल अशी लावू नका, एवढंच.

गुलाबाने माझी फजिती केली. रोपवाटिकेतून आणलेला गुलाब डोळा भरलेला असतो: खाली रानटी गुलाबाचा खुंट, वर हव्या त्या जातीचा डोळा. पहिल्या ऑक्टोबरात मी पुस्तकात वाचून छाटलं. छाटल्यावर सहा-सात आठवड्यांनी फूल यावं. वरच्या काड्या रुसल्या, पण बुंध्यातून एक जोमदार, सरळ, लुसलुशीत फुटवा आला. मी त्याला काठीचा आधार दिला, शेणखत दिलं, शेजाऱ्यांना दाखवला. पाच फूट वाढला. फूल आलं ते बोराएवढं, फिकट, पाच पाकळ्यांचं. मी दोन वर्षं खुंट वाढवला होता! डोळा भरलेल्या गाठीच्या खालून येणारी प्रत्येक फूट ही मुळासकट उपटायची असते, नुसती कापायचीही नसते. तसाही वडाळ्याचा गुलाब म्हणजे हट्टच. नाशिकला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत. तिथल्या कोरड्या थंडीत गुलाब जसा रंगतो, तसा इथल्या दमट हवेत नाही. काप घेतल्यावर बुरशीनाशक बोर्डो पेस्ट लावली नाही, तर काडी शेंड्याकडून काळी पडत खाली येते.

मोगरा तसा नाही. मोगऱ्याला हे शहर आवडतं. डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, काड्या अर्ध्यावर आणायच्या, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना थोडं ऊन दाखवायचं आणि मग खत-पाणी. फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत कळ्या. आमच्या अडाणी माळ्याचा त्या जानेवारीत मोगऱ्यापुरता मुहूर्ताला मुहूर्त जुळला होता. कळी संध्याकाळी टच्च भरलेली, पण मिटलेली खुडायची. ज्यांना हे नीट बघायचं असेल त्यांनी माटुंगा बाजारातल्या तमिळ फूलवाल्यांपुढे दहा मिनिटं उभं राहावं. दोऱ्याच्या एका फेऱ्यात दोन-दोन कळ्या पाठीला पाठ लावून बसतात आणि बोटं काय करतात ते दिसत नाही. पहाटेच्या दादरच्या फूलबाजारात येणारा पुष्कळ मोगरा पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांचा असतो. वर्षातून एकदा नीट कात्री लावलेल्या झुडपांवर तिथल्या कितीतरी घरांचा उन्हाळा चालतो. पूर्वी पावसाळा संपला की कामासाठी गाव सोडावं लागणाऱ्या मुलखात हे महत्त्वाचं आहे.

बोगनवेलीला तर कात्रीइतकाच उपासही लागतो. रंगीत दिसतात ती तिची पानं; खरं फूल म्हणजे आतली तीन बारकी पांढरी नळकांडी. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिलच्या जगप्रवासात, १७६७मध्ये, कॉमेर्सोन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती ती ब्राझीलमध्ये लागली. त्याची मदतनीस झान बारे पुरुषवेष करून त्या जहाजावर होती आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली. वेलीला नाव मिळालं ते कप्तानाचं. आमच्या वरच्या गॅलरीतल्या बोगनवेलीला रोज प्रेमाने दोन तांबे पाणी मिळतं आणि ती सात वर्षं नुसती हिरवी आहे. पूर्व मुक्त मार्गाखाली कोणी विचारत नाही ती मात्र रंगाने पेटलेली.

मुंबईत फुलझाडांचा शास्त्रशुद्ध खटाटोप सुरू झाला तो आमच्या शेजारीच, हे मला फार उशिरा कळलं. हार्बर लाइनवर वडाळ्याच्या अलीकडचं स्टेशन शिवडी. तिथे एकोणिसाव्या शतकात अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची बाग होती. १८६५मध्ये महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली आणि बागेचा वारसा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनकडे, म्हणजे १८६२मध्ये उघडलेल्या आपल्या राणीच्या बागेकडे गेला. फेब्रुवारीच्या आसपास महापालिका तिथे पुष्पप्रदर्शन भरवते, त्याला मी जाते. लोक फुलांच्या हत्ती-मोरांपुढे फोटो काढतात. मी कुंडीतल्या झुडपांच्या बुंध्यांशी वाकून काप बघते. कोणाचा हात सफाईचा आहे ते फुलात दिसत नाही, तिथे दिसतं.

इकडे १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीच्या मुंबईने दादर-माटुंगा-वडाळ्याकडे पाय पसरले. ट्रस्टमधले इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनी पारशी कॉलनी वसवताना झाडांचाही विचार केला, म्हणून फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात मे महिन्यातही चालवतं. घरांभोवती मोकळी पट्टी सोडायची पद्धत आमच्या भागात रुजली ती त्याच काळात. आता पुनर्विकासात या पट्ट्या जातात. नव्या इमारतीत तीन मजली पोडियम पार्किंग आणि त्याच्या छतावर ‘लँडस्केप’. आमचीही फाइल फिरते आहे. नकाशात माझ्या अनंताच्या जागी पाण्याची टाकी आहे.

छाटलेल्या पाल्याचं काय करायचं, याचं उत्तर मला दोघांकडून मिळालं. ‘प्रयोग परिवार’वाले श्री. अ. दाभोळकर सांगत की झाडाचा पाला ही झाडाचीच मिळकत, ती त्याच्या पायाशी परत गेली पाहिजे. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोदीतल्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उष्ट्या-खरकट्यातून माती तयार करून बाग उभी केली, ती याच विचाराच्या वाटेने. आता माळीदादा ढीग ट्रकमध्ये टाकत नाही. काड्यांचे बोटभर तुकडे करून तिथेच पसरतो. समितीला ढीग दिसत नाही म्हणून सुरुवातीला कुरबुर झाली. चिटणीसांना मी दिवाळीत मोगऱ्याचं रोप दिलं.

गेल्या जुलैत, अनंताचं शेवटचं फूल पिवळं पडल्यावर, मी स्वतः कात्री लावली. भरपावसात मोठे काप घेऊ नयेत हे खरं, पण अनंताचा मुहूर्तच तो. म्हणून उघडीप बघून, पेन्सिलीहून बारीक शेंडे तेवढे घेतले. माळीदादा छत्री धरून उभा होता. कापलेल्या काड्या फेकवत नव्हत्या. वीतभर लांबीच्या, तीन डोळ्यांच्या, खालची पानं काढलेल्या अशा बारा-तेरा काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या.

आमच्या गेटवरचा रखवालदार जालन्याकडचा, अँटॉप हिलच्या बाजूला कोकरी आगारात राहतो. मराठीत मिठाचंही आगर असतं आणि नारळी-पोफळीचंही, हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “आमच्याकडं दोन्ही न्हाई, पत्रा हाय.” पण एक काडी त्याने मागून घेतली. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून, अर्धी माती अर्धी रेती भरून, दाराशी सावलीत ठेवली. दहा दिवसांनी तोंड पाडून आला. सगळी पानं गळली होती.

उपटू नकोस, म्हटलं. बुंध्याशी नखाने जरासं खरवड आणि आत कुठला रंग दिसतो ते बघ.

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला निघाले, तर गेटवरूनच हात वर करून त्याने ओरडून सांगितलं, “हिरवं हाय, ताई!”